काढलेलं पॅकेज परत येतंय? या चुका टाळा

परभणी-हिंगोलीकडच्या शाळांतल्या संगणक कक्षात उबुंटू (लिनक्सची एक मोफत प्रणाली) चालवायचं तर चार जीबी रॅमची जुनी मशीन आणि सरांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट यांवरच भागवावं लागतं. तिथे काढून टाकलेलं स्नॅपडी (स्नॅप प्रकारची पॅकेजेस बसवणारं, चालवणारं पॅकेज) पुन्हा उतरलं की डेटाही जातो आणि पोरांचा तासही. म्हणून हे एकदाच नीट करून ठेवावं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पॅकेज काढलं की त्यावर बंदी आली असं समजणं. पर्ज (पॅकेज पूर्ण पुसणं) केल्याने सेटिंगच्या फायलीही जातात, एवढंच. दुसऱ्या पॅकेजला ते लागत असेल तर एपीटी (उबुंटूचं पॅकेज बसवायचं साधन) ते परत आणणारच. उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्सचं डेब (एपीटीने बसणारं नेहमीचं) पॅकेज नुसतं नावाला उरलंय. ते टाकलं की स्नॅपच येतं. क्रोमियमचं १९.१० पासून तेच. शिवाय एपीटी शिफारस केलेली पॅकेजेसही न विचारता घेतं. तेव्हा 'वाय' दाबण्याआधी यादी वाचा, घाई करू नका.

होल्डवरही (पॅकेज आहे तसं गोठवण्याची एपीटीची सोय) विसंबू नका. ते मुख्यतः बसवलेली आवृत्ती आहे तिथे रोखायला. कायमचा बंदोबस्त पिनिंगने, म्हणजे पॅकेजला प्राधान्याचा आकडा ठरवून देऊन होतो. एटसी (सेटिंगच्या फायलींचं फोल्डर) मधल्या एपीटीच्या 'प्रेफरन्सेस डॉट डी' फोल्डरात फाइल करून या तीन ओळी टाका (अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच):

पॅकेज: स्नॅपडी
पिन: रिलीज ए=*
पिन-प्रायॉरिटी: -१०

प्राधान्य उणे असलं की एपीटी ते पॅकेज बसवत नाही. उबुंटूवर आधारलेल्या लिनक्स मिंट २० मध्ये हीच युक्ती आधीपासून आहे.

इथे पुष्कळ जण फसतात ते फाइलच्या नावात. शेवटी 'डॉट प्रेफ' हवं किंवा काहीच नको. 'डॉट टीएक्सटी' दिलंत तर एपीटी ती फाइल वाचत नाही. म्हणून 'एपीटी-कॅश पॉलिसी स्नॅपडी' चालवून बघाच. कँडिडेटपुढे (बसवता येईल ती आवृत्ती) 'नन' आलं तर काम झालं.

आता ब्राउझर. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची स्वतःची एपीटी रिपॉझिटरी (पॅकेजेसचा साठा) जोडा, पण तिला १००० प्राधान्य द्या. उबुंटूच्या नावापुरत्या पॅकेजचा आवृत्ती क्रमांक मोठा धरला जातो, त्यामुळे नुसतं जोडून भागत नाही. आणि स्नॅपमधलं फायरफॉक्स काढण्याआधी सरांचे बुकमार्क बाहेर काढून ठेवा.