बुकिंग ॲपच्या दर-सक्तीविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे अर्ज कसा करायचा

कोल्हापुरातल्या महाद्वार रोडजवळच्या एखाद्या लॉजने एसी रूम एका ॲपवर १,८०० आणि दुसऱ्या ॲपवर १,६५० रुपयांना लावली, तर पहिल्या ॲपकडून निरोप येऊ शकतो: तिकडचा दर वाढवा, नाहीतर तुमचं लिस्टिंग खाली जाईल. याला 'रेट पॅरिटी' म्हणतात. हॉटेल संघटनेच्या अर्जावरूनच भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी रुपयांचा दंड केला आणि इतर ॲपच्या बाबतीतल्या अशा अटी करारातून काढायला सांगितल्या.

आधी एक गोष्ट तपासा. पैसे अडकले, कमिशन जास्त कापलं, एवढंच असेल तर तो कराराचा वाद आहे. त्यासाठी करारातलं लवादाचं कलम वाचा. आयोग तुमचं नुकसान मोजत बसत नाही, बाजारातली स्पर्धा मोडली का ते पाहतो. बरेच अर्ज इथेच बाद होतात.

पुढचा प्रश्न कलमाचा. स्पर्धा कायदा, २००२ चं कलम ४ वर्चस्वाच्या गैरवापराचं. त्यासाठी ती एक कंपनी किंवा एकच उद्योगसमूह बाजारात वरचढ आहे हे दाखवावं लागतं. दोन तुल्यबळ ॲप मिळून बाजार ताब्यात ठेवत असतील, तर 'दोघांचं मिळून वर्चस्व' आपल्या कायद्यात बसत नाही. तिथे कलम ३(४) घ्या, म्हणजे ॲप आणि हॉटेल यांच्यातल्या करारामुळे स्पर्धेला बाधा येते असं मांडा. झोमॅटो-स्विगीची चौकशी एप्रिल २०२२ मध्ये याच वाटेने सुरू झाली. बाजार ठरवताना 'कोल्हापूर शहर' एवढीच हद्द घालू नका. हॉटेलांच्या त्या प्रकरणात बाजार अख्ख्या भारताचा धरला होता.

खरी मेहनत पुराव्याची. लिस्टिंगचा स्क्रीनशॉट काढताना तारीख, वेळ आणि हॉटेलचं नाव एकाच चौकटीत येऊ द्या. दर बदलण्याआधी आणि नंतर, एकच तारीख आणि एकच शोध टाकून तुमचा क्रमांक कितवा येतो ते आठ-दहा दिवस टिपा. एका दिवसाच्या घसरणीवर कंपनी 'अल्गोरिदम बदलला' म्हणून मोकळी होते. ईमेल फॉरवर्ड केलेला नको, मूळ स्वरूपात सेव्ह करा. व्हॉट्सॲप चॅट एक्सपोर्ट करा, पण फोन विकू किंवा रिसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्याला हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं. कराराची प्रत आजच डाउनलोड करा. खातं बंद झालं की ती मिळवणं मुश्किल. मराठी मेसेजना इंग्रजी भाषांतर जोडा.

अर्ज स्पर्धा कायद्याच्या कलम १९(१)(अ) खाली. घटनाक्रम, कलमं, पुराव्यांची यादी, मागणी, आणि त्या कंपनीशी चालू असलेले इतर दावे, सगळं त्यात आलं पाहिजे. दावा लपवू नका, तो उघड झाला की विश्वास जातो. व्यक्ती, सहकारी संस्था किंवा ग्राहक संघटनेला फी ५,००० रुपये, कंपन्यांना उलाढालीप्रमाणे जास्त. वकील सक्तीचा नाही. घटनेपासून ३ वर्षांच्या आत अर्ज करा, उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. लिस्टिंग जाण्याची भीती असेल तर नाव गोपनीय ठेवण्याची विनंती अर्जासोबतच करा, नंतर नको. त्याहून चांगलं म्हणजे दहा-पंधरा लॉजवाल्यांनी संघटनेच्या नावाने जावं: सगळ्यांना एकाच मजकुराचा मेसेज आलेला दिसला, की हे धोरण आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर कलम २६(१) खाली महासंचालकांकडे, म्हणजे आयोगासाठी तपास करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, चौकशी जाते, नाही तर २६(२) खाली प्रकरण बंद. चौकशीला वर्षं लागू शकतात, म्हणून तातडी असेल तर कलम ३३ खाली अंतरिम आदेश मागा. कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, पण प्रकरण बंद झाल्यावर अपील तिथे जात नाही. ते ६० दिवसांत राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणात, म्हणजे दिल्लीलाच करावं लागतं.