जुना व्हॉल्व्ह ॲम्प हाती आला? या चुका टाळा

भुसावळ-जळगावकडे एखादं जुनं घर रिकामं होतं, बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचं सामान विकायला निघतं, आणि त्यात कधीतरी व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, गिटार ॲम्प सापडतो. बघणारा म्हणतो, "हाई फेकी दे, भो." फेकू नका. पण लगेच पिन लावून वाजवूही नका.

थेट करंट देणं

आधी मागची पट्टी वाचा. साठच्या दशकातले बरेच अमेरिकन ॲम्प ११७ व्होल्टचे असतात. आपल्या २३० वर ते क्षणात जळतात. त्यांना स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. शिवाय ते ६० हर्ट्झसाठी बनलेले, आपल्याकडे ५०. त्यामुळे मेन ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापतो, आणि मे महिन्यात धुळ्या-जळगावात खोलीच आधी तापलेली असते. पाठीमागे हवा खेळू द्या. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका, ओल्या हवेने चासी (आतला पत्र्याचा सांगाडा) गंजते.

वर्षानुवर्षं बंद राहिलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर कमजोर होतात. एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं की शॉर्ट होतात आणि सोबत मेन ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातात. कंडेन्सर नवा मिळतो, १९६५चा ट्रान्सफॉर्मर मिळत नाही. म्हणून रेडिओवाल्याकडचा सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे ॲम्पला करंट बल्बमधून जातो; त्यात ६० वॅटचा तारेचा पिवळा बल्ब लावा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. स्पीकर जोडलेला हवाच, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

"ओरिजनल" म्हणून धोका जपणं

दोन पिनांची वायर आणि मेनपासून चासीला जोडलेला छोटा कंडेन्सर, या दोन गोष्टी मी बिनदिक्कत बदलतो. तो कंडेन्सर शॉर्ट झाला तर चासीत करंट येतो, चासीतून गिटारच्या तारांत, तारांतून वाजवणाऱ्याच्या हातात. तीन पिनांची वायर लावा, तो कंडेन्सर काढा, घरचं अर्थिंग तपासा. याने आवाजात काही फरक पडत नाही. सुकलेले फिल्टर कंडेन्सर, म्हणजे वरचे इलेक्ट्रोलिटिक, तेही बदलायचेच असतात. गाडीचे टायर बदलावेत तसं आहे ते.

भोक पाडणं

माझ्या पहिल्या ॲम्पच्या पुढच्या पट्टीत मी मास्टर व्हॉल्यूमसाठी भोक पाडून घेतलं होतं. कमी आवाजात घाण, म्हणजे फाटका डिस्टॉर्शनचा, सूर मिळावा एवढीच इच्छा होती. पुढे ते कनेक्शन काढलं, भोक राहिलं. आज ते दिसलं की जीव हळहळतो. तेच काम ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये ॲटेन्युएटर (स्पीकरकडे जाणारी ताकद कमी करणारा डबा) लावून होतं, एक स्क्रूही न फिरवता.

सर्किट बदलूच नये असं मी म्हणत नाही. १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन कंपनीने गिटार-ॲम्प बनवणारी फेंडर विकत घेतली, पुढे चंदेरी पट्टीचे ॲम्प आले, आणि त्यातले काही रेझिस्टन्स-कंडेन्सर बदलून ते आधीच्या काळ्या पट्टीसारखे करून घेणारे खूप आहेत. उलट फिरवता येतं, तर करा. मात्र काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, कुठून काढला ते लिहून, ॲम्पच्या खोक्यातच ठेवा.

दोष न ओळखता सगळं उपटणं

सतत घूंऽऽ येत असेल तर फिल्टर कंडेन्सर बघा. नॉब फिरवताना खरखर होत असेल तर बहुतेक धूळच असते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवा. व्हॉल्व्हला पेन्सिलीने टिचकी मारल्यावर स्पीकरमधून मोठा टणटण आवाज वाजला तर तो व्हॉल्व्ह बदला. पॉवर व्हॉल्व्हची प्लेट लाल होताना दिसली तर तत्क्षणी बंद करा: बायस (व्हॉल्व्हमधला करंट आवरणारं व्होल्टेज) बिघडलाय किंवा त्याच्या आधीचा कपलिंग कंडेन्सर गळतोय, म्हणजे नको तो करंट पुढे सोडतोय.

बंद केल्यावरही आत ४०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. कंडेन्सर रेझिस्टन्समधून रिकामे करून, मीटरने शून्य बघितल्याशिवाय आत बोट घालू नका. ते जमत नसेल तर व्हॉल्व्हचं काम केलेला जुना मेकॅनिक शोधा, आणि त्याला आधीच सांगा: काढलेलं सगळं मला परत हवंय.