कळतं पण वळत नाही : घरातल्या माणसाची तंबाखू कशी सोडवाल?

तंबाखू वाईट आहे, हे तंबाखू खाणाऱ्याला सांगायला जाऊ नका. त्याला ते माहीत असतं. 2016पासून पुडीच्या दर्शनी भागाचा 85 टक्के हिस्सा इशाऱ्याने आणि चित्राने व्यापलाय. ते चित्र दिवसातून दहादा हातात येतं आणि पुडी उलगडली जातेच. बारा वर्षं वस्त्यांवर तंबाखू सोडवण्याचे गट चालवल्यावर ‘फोटो दाखवा, घाबरेल’ हा सल्ला ऐकला की माझं डोकं उठतं.

सुरुवात प्रश्नाने करा : सोडायचं मनात आहे का? असेल तर कधी? ‘बघू’ आणि ‘सोमवारपासून’ या दोन उत्तरांत मोठं अंतर आहे. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी या मानसशास्त्रज्ञांनी 1983मध्ये सवय बदलण्याचे टप्पे मांडले ते याच अंतरावरून. पण ते टप्पे म्हणजे वेदवाक्य नव्हे. वेस्ट आणि सोहल या संशोधकांनी 2006मध्ये धूम्रपान सोडणाऱ्यांना विचारलं, तर जवळपास निम्मे प्रयत्न तयारीविना, अचानक झालेले निघाले. कुणी आजच सोडतो म्हणाला तर मुहूर्त काढत बसू नका.

मग आड काय येतं ते विचारा. 1950च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाच्या तपासणीसाठी फुकट एक्स-रे काढून देत, तरी लोक येईनात. हॉचबॉम, रोझेनस्टॉक वगैरे मानसशास्त्रज्ञांनी त्याचा माग काढला आणि ‘हेल्थ बिलीफ मॉडेल’ उभं राहिलं : मला धोका आहे का, केवढा आहे, सोडून फायदा काय आणि अडचण कोणती. आपल्याकडे अडचण एकच ऐकू येते, ‘ताई, सकाळी पोट साफ होत नाही.’ हसू नका, तंबाखूतल्या निकोटिनने आतडी हलतात आणि सोडल्यावर बद्धकोष्ठ खरंच होतो. सोडण्याच्या आठवडाभर आधीपासून कोमट पाणी, पालेभाजी आणि सकाळचं चालणं सुरू करा.

‘तुम्हाला जमेल हो’ म्हणून पाठ थोपटू नका. आपल्याला जमेल हा भरवसा कशातून येतो, याचे चार उगम मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांनी 1977मध्ये सांगितले. त्यात स्वतः करून पाहिलेलं सर्वांत वजनदार, दुसऱ्याची शाबासकी बरीच हलकी. म्हणून विचारा, आईला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा तंबाखूविना चार दिवस कसे काढलेत? त्यांनाच सांगू द्या.

आता खरी अवघड पायरी. इथे मी दोन वर्षं आपटले. सगळं पटलेली, शपथ घेतलेली माणसं तिसऱ्या दिवशी पुन्हा बार भरायची. मी भीती वाढवत गेले. एका बैठकीत तोंडाच्या कर्करोगाचे फोटो फिरवले. एक निवृत्त ड्रायव्हर काका शांतपणे सगळे पाहून उठले आणि बाहेर पायरीवर बसून तंबाखू मळायला लागले. भीती घातली आणि वाट दाखवली नाही की माणूस भीतीच ढकलून देतो. ही माझी चूक होती, काकांची नव्हे.

मानसशास्त्रज्ञ लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी हेच 1965मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात पाहिलं होतं. धनुर्वाताची भयानक माहिती वाचून विद्यार्थी हादरले, पण लस घेणारे 3 टक्केच. ज्यांना दवाखान्याचा नकाशा देऊन कधी जाणार ते ठरवायला लावलं, त्यांच्यातले 28 टक्के गेले. दवाखाना कुठे आहे हे त्यांना आधीच माहीत होतं, तरीही! मानसशास्त्रज्ञ गोलविट्झर यांनी पुढे याला ‘जर-तर’चा साचा दिला : अमुक घडलं की मी तमुक करीन.

साचा सोपा आहे, भरताना लोक घाण करतात. ‘कमी करीन’ ही योजना नव्हे. ‘तलफ आली की मन आवरीन’ हीसुद्धा नव्हे. ‘जर’मध्ये डोळ्यांना दिसणारा क्षण हवा. तो शोधायला मी काकांच्या शेजारी नुसती बसून राहिले. जेवून हात पुसला की डावा तळहात आपोआप उघडायचा. चिमूट, नखावर चुना, अंगठ्याने मळणं, दोन थापा मारून भुकटी उडवणं. तोंडाआधी हाताला तलफ यायची! मी बडीशेप सुचवत होते, त्यात अंगठ्याला कामच नव्हतं. शेवटी त्यांनीच सांगितलं : ‘जेवून हात पुसला की ओसरीवर शेंगा सोलीन.’ त्यांच्या शब्दांत, त्यांच्या अक्षरात, कागदावर. हे वाक्य तुम्ही लिहून देऊ नका. मी लिहून दिलेली सगळी वाया गेली. आणि एका वेळी एकच क्षण धरा, पाच-सहा धरले की एकही राहत नाही. तंबाखूच्या जागी मशेरी चालणार नाही, तीही तंबाखूच.

तलफ फार असेल तर डॉक्टरांना विचारून निकोटिन गम घ्या. तो थोडा चावून गालात दाबून ठेवायचा, साध्या च्युइंगमसारखा चघळला तर उचकी लागते. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी मोफत फोन : 1800-11-2356.

एखाद दिवशी बार भरला गेलाच तर ओरडू नका. कुठल्या क्षणी भरला तेवढं विचारा. काका पुतणीच्या लग्नात घसरले, पंगतीनंतर, आणि तिथे शेंगा नव्हत्या. कागदावर दुसरी ओळ आली : ‘लग्नाला जाताना खिशात शेंगा.’