प्रॉडक्ट मॅनेजरच्या काळज्या: एकेक धरून कशा सोडवाव्यात

माझ्या हाताखाली नवा प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे प्रॉडक्टमध्ये काय असावं ते ठरवणारा आणि ते चालतंय ना ते पाहणारा माणूस, आला की साधारण तिसऱ्या महिन्यात एक दिवस तो माझ्या टेबलाशी खुर्ची ओढतो आणि म्हणतो, "ताई, काम नीट चाललंय, पण रात्री झोप लागत नाही." काम खरंच नीट चाललेलं असतं. तरी पोटात गोळा असतो, कारण या पदावर जबाबदारी पूर्ण आणि अधिकार जेमतेम. कोड डेव्हलपर लिहिणार, विक्री सेल्सवाले करणार, पैसे वरचे मंजूर करणार, आणि प्रॉडक्ट चाललं नाही की विचारणा तुमच्याकडे होणार.

या पदाचं मूळच तसं आहे. प्रॉक्टर अँड गँबल या अमेरिकी कंपनीत कॅमे साबणाच्या जाहिरातीचं काम पाहणाऱ्या नील मॅकेलरॉय यांनी १३ मे १९३१ रोजी एक टिपण लिहिलं: प्रत्येक ब्रँडमागे त्याची पूर्ण काळजी वाहणारा एक माणूस हवा. विक्री कमी असलेल्या भागात त्याने स्वतः जावं, दुकानदारांशी आणि गिऱ्हाइकांशी बोलावं, कारण शोधावं, उपाय आखावा आणि तो इतरांकडून पार पाडून घ्यावा. आजचा प्रॉडक्ट मॅनेजर त्याच टिपणाचा वंशज मानला जातो. त्यामुळे काळजी वाटते म्हणजे आपण कमी पडतोय, असं समजू नका. ती कामाबरोबरच येते. ती कशी हाताळायची, ते मात्र शिकता येतं.

पायरी १: काळजी वहीत उतरवा, पण प्रश्न म्हणून

कागदी वही घ्या. ऑफिसच्या टूलमध्ये लिहू नका, कारण तिथे माणूस दुसऱ्यांनी वाचावं असं लिहितो. एका ओळीत एक काळजी. पुढे तीन गोष्टी: नेमकं काय माहीत नाही, ते कोणाला माहीत असेल, आणि कधीपर्यंत कळायला हवं.

"रिलीज (नवी आवृत्ती लोकांच्या हाती देणं) नीट होईल ना?" ही नुसती धाकधूक झाली. "तीन वर्षं जुन्या अँड्रॉइड फोनवर बिल छापायला दहा सेकंदांच्या वर लागतात का?" हा प्रश्न झाला. तो टेस्टिंगच्या माणसाला उद्या सकाळी विचारता येतो आणि दुपारी उत्तर मिळतं. काही ओळींपुढे कोणाचंच नाव लिहिता येणार नाही. त्यांना खूण करून ठेवा, त्यांचं काय करायचं ते शेवटी सांगते.

पायरी २: "आपण भलतंच तर बनवत नाही ना?" यासाठी गिऱ्हाइकाकडे जाऊन बसा

सगळ्या काळज्यांत ही मोठी, आणि मीटिंग रूममध्ये बसून ती कधीच सुटत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही छोट्या दुकानदारांसाठी हिशेबाचं अॅप करत होतो. उधारी थकली की गिऱ्हाइकाला आपोआप मेसेज जाईल, हे फीचर टीमचं लाडकं. डिझाइन तयार होतं. मी हडपसरच्या एका किराणा दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला स्टुलावर जाऊन बसले. दुकान चालवणाऱ्या ताईंच्या मोबाइलमध्ये आमचं अॅप होतं, पण उधारी त्या लाल पुठ्ठ्याच्या लांब वहीतच लिहीत होत्या. तासाभराने मी विचारलं, "हे अॅपमध्ये का नाही टाकत?" त्या म्हणाल्या, "अहो, हे मार्केट यार्डात माल आणायला गेले की फोन त्यांच्याबरोबर जातो. मग गिऱ्हाईक आलं तर मी कुठे लिहू?" आणि मेसेजचं विचारलं, तर हातातलं माप तसंच धरून म्हणाल्या, "त्या काकूंची नात माझ्या मुलीच्या वर्गात आहे. असा मेसेज गेला की त्या दुकानाची पायरी चढायच्या नाहीत."

एका दुपारीत दोन गोष्टी कळल्या. आम्ही बनवत होतो ते त्यांना अवघडल्यासारखं करणारं होतं, आणि हवं होतं ते आमच्या यादीत एकोणिसावं होतं: एकच खातं दोन फोनवर. आणखी सहा दुकानांत बसून आलो, पाच ठिकाणी हेच निघालं. मेसेजचं काम थांबवलं.

अशा भेटीला जाताना एक पथ्य पाळा. "हे फीचर दिलं तर वापराल का?" असं कधीही विचारू नका. आपल्याकडे घरी आलेल्याला कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. "हो, चांगलंय की," असं म्हणतील, चहा पाजतील, आणि तुम्ही खूश होऊन परत याल. घडलेलं विचारा: मागच्या महिन्यात उधारी कशी वसूल केलीत? शेवटचं खातं कधी चुकलं? तेव्हा काय केलंत? आणि बोलण्यापेक्षा हात काय करतात ते पाहा. वही कुठे ठेवलीय, फोन कोणाच्या खिशात आहे, चष्मा कधी शोधावा लागतो.

किती जणांकडे जायचं? अॅप-वेबसाइट वापरायला किती सोपी आहे याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशेब या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे: पाच जणांना वापरताना पाहिलं की वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात. पण तो हिशेब "वापरताना कुठे अडतं" याचा आहे. "हे हवंय का" या प्रश्नाला पाच माणसं पुरत नाहीत. तिथे नवं काही ऐकू येईनासं होईपर्यंत जात राहावं, असं माझं मत आहे.

पायरी ३: आकडे कधी पाहायचे ते आधीच ठरवा

सकाळी डॅशबोर्ड उघडला, आकडा खाली, दिवस गेला. दुपारी वर आला, जीव भांड्यात पडला. हे टाळायचं तर प्रयोग (काहींना जुनी स्क्रीन, काहींना नवी दाखवून तुलना) सुरू करण्याआधी किती माणसं लागतील याचा हिशेब करून ठेवा. ढोबळ सूत्र सोपं आहे. समजा आज १०० पैकी ४ जण पैसे भरून योजना घेतात आणि नव्या स्क्रीनने ते ५ होतील अशी आशा आहे. घेणाऱ्यांचं प्रमाण ०.०४ गुणिले न घेणाऱ्यांचं ०.९६ गुणिले १६ (हा सूत्रातला ठरलेला आकडा), भागिले अपेक्षित फरक ०.०१ चा वर्ग. उत्तर ६,१४४. म्हणजे जुन्या आणि नव्या स्क्रीनसाठी प्रत्येकी सहा हजारांवर माणसं हवीत. दोन्ही मिळून रोज ५०० येत असतील तर सुमारे २५ दिवस.

या २५ दिवसांत दुसऱ्याच दिवशी "जिंकलो" म्हणून प्रयोग थांबवला, तर योगायोगालाच यश समजून बसाल. रोज डोकावून, मनासारखा आकडा दिसताच थांबण्याने चुकीच्या निष्कर्षाची शक्यता वाढते. अॅप बंद पडतंय का, पैसे अडकताहेत का, एवढंच रोज पाहा. निकाल पाहायची तारीख कॅलेंडरवर टाका आणि तोवर तो आकडा मनातून काढा.

पायरी ४: "नाही" म्हणण्याची भीती

मोठा क्लायंट हातातून जाईल म्हणून सेल्सवाले फीचर मागतात. साहेब परदेशातून एखादी कल्पना घेऊन येतात. नाही म्हटलं तर वाईटपणा, हो म्हटलं तर टीमचे शनिवार-रविवार जातात.

माझा अनुभव असा की मीटिंगमध्ये हो किंवा नाही यातलं काहीच लगेच म्हणू नये. चालू तिमाहीची यादी, एका पानावर बसेल एवढीच, समोर ठेवावी आणि शांतपणे विचारावं: "सर, हे घेऊ. यातलं काय मागे ठेवायचं ते आपण आत्ताच ठरवू या." बहुतेक वेळा यादी पाहून समोरचा माणूस स्वतःच म्हणतो की हे पुढच्या तिमाहीत घ्या. कधी कधी तो खरंच एखादं काम मागे सारतो, आणि तेही योग्य असतं, कारण त्याला धंद्याचं जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

यादीचा क्रम लावायला इंटरकॉम कंपनीतून आलेली पद्धत बरीच वापरली जाते: किती लोकांना उपयोग, किती उपयोग आणि आपली खात्री किती, यांचा गुणाकार करायचा आणि लागणाऱ्या मेहनतीने भागायचं. उत्तराच्या आकड्यावर फार जीव टाकू नका. यातला "खात्री किती" हा रकाना खरा मोलाचा आहे. तिथे ५० टक्के लिहिताना हात अडखळला की समजावं, अजून दुकानात जाऊन बसायचं राहिलंय.

नकार दिलात तर त्याच दिवशी दोन ओळींत कारण लिहून पाठवा. तोंडी नकार लोकांना अपमान वाटतो. लेखी कारण असलं की निदान त्यावर वाद तरी घालता येतो.

पायरी ५: रिलीजची धास्ती

एका कंपनीत असताना दिवाळीच्या तोंडावर, गुरुवारी संध्याकाळी, बिल छपाईचा नवा भाग आम्ही एकदम सगळ्यांना दिला. जुन्या छोट्या प्रिंटरवर बिलाऐवजी कोरा कागद येऊ लागला. दुकानांत गर्दी, सपोर्टचे फोन थांबेनात. दुरुस्ती जायला रात्रीचे अकरा वाजले. त्यानंतर मी तीन गोष्टी कधी चुकवल्या नाहीत.

पहिली, आधीच "अपयश" मांडणं. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये या पद्धतीवर लिहिलं. टीमला सांगायचं: समजा सहा महिने उलटलेत आणि आपलं प्रॉडक्ट पार फसलंय, का फसलं ते दहा मिनिटांत लिहा. "काय चुकू शकतं?" असं विचारलं की लोक गप्प बसतात. "चुकलंच आहे" असं धरलं की एरवी न बोलणारा टेस्टरही चार कारणं लिहितो. आमच्याकडे तो जुना प्रिंटर एकाला आठवत होता, पण त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

दुसरी, थोड्या थोड्यांना देणं. प्ले स्टोअरवर किती टक्के लोकांना अपडेट द्यायचं ते ठरवता येतं. अॅपलकडे टप्प्याटप्प्याने द्यायचा पर्याय निवडला तर आपोआप अपडेट घेणाऱ्यांना ते सात दिवसांत १, २, ५, १०, २०, ५० आणि १०० टक्के असं पोचतं. एक लक्षात ठेवा: वाटप मध्येच थांबवलं तरी ज्यांनी अपडेट घेतलंय त्यांच्याकडे तो बिघाड राहतोच. म्हणून नवा भाग सर्व्हरवरूनच बंद करता येईल अशी कळ डेव्हलपरकडून आधी करून घ्या, आणि ती एकदा खरोखर बंद करून पाहा.

तिसरी, सण आणि शुक्रवारची संध्याकाळ टाळणं.

पायरी ६: "मी या जागेला लायक आहे का?"

पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली कर्तबगार स्त्रियांच्या अभ्यासातून या भावनेवर लिहिलं: पुरावा यशाचा, आणि मनात मात्र आपलं पितळ उघडं पडण्याची भीती. मी स्वतः यातून बाहेर आले ते निर्णयांच्या नोंदींमुळे. मोठा निर्णय घेतला की तारीख, त्या दिवशी काय माहीत होतं, कोणता पर्याय सोडला आणि काय होईल असं वाटतं, एवढं लिहायचं. तीन महिन्यांनी वाचायचं. काही निर्णय चुकलेले निघतात, पण त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर ते वेडेपणाचे नव्हते, हे आपल्याच अक्षरात दिसतं.

झोप, भूक किंवा घरातलं बोलणं दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल तर मात्र वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

पायरी ७: शुक्रवारची वीस मिनिटं

शुक्रवारी निघण्याआधी वही उघडा. उत्तर मिळालेल्या ओळी खोडा. ज्यांची तारीख टळली त्यांच्यासाठी त्याच माणसाला तिथल्या तिथे फोन करा. आता पहिल्या पायरीतल्या त्या खुणा केलेल्या ओळी, ज्यांच्यापुढे कोणाचंच नाव नव्हतं: स्पर्धक काय करेल, बाजार पडेल का, नवी एआय साधनं आपलं काम घेतील का. त्या आपल्या वरिष्ठांना जशाच्या तशा वाचून दाखवा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्या साहेबांनी खणातून स्वतःची वही काढली. आमच्या सातपैकी चार ओळी सारख्या होत्या. त्या चार त्यांनी स्वतःकडे घेतल्या, आणि उरलेल्या तीन मी नव्या पानावर तारीख टाकून उतरवल्या.