विमानतळाच्या एक्सप्रेस बसने जाताना या चुका टाळा

सर्वांत हट्टी चूक म्हणजे विमान सुटण्याच्या वेळेवरून बस ठरवणे. प्रवाशाला आधी गाठायचा असतो तो सामान देण्याचा काउंटर, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तो बहुधा ६० मिनिटे आधीच बंद होतो. वेळापत्रकातील प्रवासवेळ मोकळ्या रस्त्याची असते. एक्सप्रेस बस थांबे गाळते, वाहतूककोंडी गाळू शकत नाही. त्यामुळे मी काउंटर बंद होण्याच्या वेळेपासून उलटा हिशेब करतो आणि पुरेल असे वाटणाऱ्या बसच्या आधीची बस धरतो, कारण भरलेली बस आपल्यासाठी थांबत नाही. विमानतळावर ताटकळावे लागते अशी कुरकुर करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

मध्यरात्रीनंतरच्या उड्डाणाची तारीख दोनदा पाहावी : १५ तारखेच्या ००.२० च्या विमानासाठी बस १४ तारखेच्या संध्याकाळची असते.

दुसरी चूक टर्मिनलची. एकदा बस पुरती थांबण्याआधीच दाराशी जाऊन उभा राहिलेला एक तरुण, बहुतेक जण पहिल्या टर्मिनलवर उतरत आहेत एवढे पाहून त्यांच्या मागे उतरला, आणि डिकीतील इतरांच्या बॅगा बाजूला सारून त्याने आपली बॅग घाईघाईने ओढून काढली. रांगेत तो माझ्या पुढेच होता. त्याची पाळी आली तेव्हा काउंटरवरील कर्मचारी बाईंनी त्याच्या तिकिटावरील बारीक अक्षरांतील एका ओळीवर पेन टेकवले : तिकीट एका कंपनीचे असले, तरी विमान तिच्या भागीदार कंपनीचे होते आणि ते दुसऱ्या टर्मिनलवरून सुटणार होते. बस केव्हाच पुढे गेली होती. अशा तिकिटांवर प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीचे नाव पाहूनच टर्मिनल ठरवावे. मी निघण्याच्या दिवशी ते पुन्हा तपासतो, कागदावर लिहितो आणि चढतानाच ड्रायव्हरला दाखवतो. मोबाइल ऐन वेळी बंद पडू शकतो.

पासपोर्ट, औषधे आणि पॉवर बँक डिकीत जाणाऱ्या बॅगेत ठेवू नयेत. पॉवर बँक तर पुढे विमानातही हातातल्या सामानातच न्यावी लागते. सुट्टीच्या दिवसाचे वेळापत्रक वेगळे असू शकते. विमानतळाची पाटी असलेली प्रत्येक बस एक्सप्रेस असतेच असे नाही, म्हणून समोर आलेल्या पहिल्या बसमध्ये उडी मारण्यापूर्वी ती मधले थांबे घेते का, हे विचारून घ्यावे.