सामायिक फोल्डर करताना ७७७ ला हात लावू नका

ऑफिसच्या उबुंटू सर्व्हरवर हिशोबाचं फोल्डर तिघांना वापरायचं असलं, की कोणीतरी ‘चमॉड ७७७’, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणारी कमांड, सुचवतंच. नको. मग मशीनवरचा कुठलाही यूजर त्यातलं काहीही पुसू शकतो.

‘ग्रुपअ‍ॅड’नं वेगळा ग्रुप करा. तिघांना त्यात घालताना ‘यूजरमॉड’ला छोटा ए आणि मोठा जी, दोन्ही लावा. ए राहिला तर तो यूजर बाकीच्या जादा ग्रुपमधून बाहेर पडतो, अ‍ॅडमिनचे हक्क देणाऱ्या ‘सुडो’ ग्रुपमधूनसुद्धा. खातं तुमचंच असेल तर बसा बोंबलत!

आता फोल्डर त्या ग्रुपच्या नावे करा आणि ‘चमॉड २७७०’ चालवा. सगळी करामत त्या पहिल्या दोनाची: आत बनणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप फोल्डरच्याच ग्रुपची होते. ‘एलएस’च्या यादीत ग्रुपच्या एक्सच्या जागी एस दिसला की झालं.

तरी सहकाऱ्याला फाइल बदलता येत नाही? ‘यूमास्क’ बघा, म्हणजे नव्या फाइलच्या परवानग्यांतून काय वगळलं जातं ते. ००२२ असेल तर ०००२ करा. आणि हो, लॉगआउट करून परत आल्याशिवाय नवा ग्रुप लागू होत नाही. माझ्याकडच्या निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

कोणी नोकरी सोडली तर नुसता पासवर्ड लॉक करून भागत नाही, दुरून लॉगिन करायची एसएसएच की चालूच राहते. ‘चेज’नं खात्याची मुदतच संपवा.