पिनकोडची कुंडली कशी मांडायची?

छत्रपती संभाजीनगरचा पिनकोड ४३१००१. टपालखात्याच्या लेखी तो पत्ता, पण आपण त्याला सरळ संख्या मानू आणि तिची कुंडली मांडू. कागद, पेन आणि पाढे एवढं पुरे.

आधी अंकांची बेरीज करा: ४+३+१+०+०+१ = ९. बेरजेला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. उत्तर ४७८८९. त्याच्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे पुन्हा ९ ने भागा: ५३२१. आता बेरीज ११, तेव्हा तीनचं काम संपलं. २ आणि ५ चा प्रश्नच नाही. ७, ११, १३ ने भागून पाहिलं तर बाकी उरते. (सातची कसोटी असते, पण ती आठवेपर्यंत भागाकार होऊन जातो.) १७ ने मात्र नेमका भाग जातो आणि ३१३ येतात.

३१३ मूळ आहे का? अवयव जोडीने येतात आणि जोडीतला लहान अवयव वर्गमुळाच्या पुढे जात नाही. १८ चा वर्ग ३२४, म्हणून १७ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की झालं. एकीनेही भाग जात नाही. म्हणजे ३१३ मूळ, आणि उलटसुलट वाचली तरी तीच!

४३१००१ = ३×३×३×३×१७×३१३

विभाजक मोजायला प्रत्येक मूळ अवयव जितक्यांदा आला त्यात १ मिळवा आणि गुणाकार करा: ५×२×२ = २०. त्यांची बेरीज अशी: (१+३+९+२७+८१)×(१+१७)×(१+३१३) = ६,८३,८९२. यातून मूळची संख्या वजा केली की २,५२,८९१ उरतात. हे संख्येपेक्षा कमी, म्हणून ती न्यून संख्या. बरोबर तेवढेच उरले असते तर परिपूर्ण, जशा ६ आणि २८. जास्त उरले तर विपुल.

आता लातूर, ४१३५१२. शेवटच्या तीन अंकांना, ५१२ ला, ८ ने भाग जातो, उरतात ५१६८९. एक सोडून एक अंक मिळवा: ५+६+९ = २० आणि १+८ = ९. फरक ११, म्हणजे ११ ने भाग. राहिले ४६९९, ते ३७×१२७. विभाजकांची बेरीज १५×१२×३८×१२८ = ८,७५,५२०; संख्या वजा करून ४,६२,००८. ही विपुल! २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच्या पिनकोडात ही विपुलता.

अंकांच्या बेरजेनेच भाग गेला तर ती हर्षद संख्या. हे नाव देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी दिलं. संभाजीनगर ९ वर पास. लातूरची बेरीज १६, पण ८ ने भागल्यावर विषम संख्या उरली होती, त्यामुळे १६ ने भाग जात नाही.

नांदेडचा ४३१६०१ तुम्ही सोडवा. ३ ने भाग गेल्यावर बराच वेळ काही हाती लागत नाही, पण पन्नाशीच्या आत एक अवयव दडलेला आहे.